हाक आणि उत्तर : अजानच्या वेळचे शिष्टाचार



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्या आपल्या मुख्याध्यापकांच्या विद्वत्तेविषयी आणि शिस्तीविषयी या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ सांगितले गेले आहे. मी आज त्यांच्या एका लहानशा सवयीपासून आरंभ करणार आहे.

1968-69 च्या सुमारास मी आठवीत होतो. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास सरांच्या संस्कृतचा असे. आपली शाळा हैदराबादेतील. तेव्हा वर्गाच्या खिडक्या दुपारी उघड्या असत आणि पलीकडच्या गल्लीतील मशिदीची बांग थेट फळ्यापर्यंत येई. ती सुरू झाली की सर हातातला खडू खाली ठेवीत. सुभाषिताचा अर्धा चरण फळ्यावर तसाच राही. बांग संपली की ते खडू उचलीत आणि उरलेला चरण पूर्ण करीत. एका मुलाने धीर करून कारण विचारले, तेव्हा सर म्हणाले, ‘‘दुसरा बोलत असताना आपण बोलू नये, एवढेच.’’

पुढे एके दिवशी त्याच मशिदीचे मौलवीसाहेब कोणाच्या तरी दाखल्यासाठी शाळेत आले होते. नेमकी बांग झाली आणि सर थांबले. मौलवीसाहेब दारातच उभे होते. बांग संपल्यावर ते आपल्या दख्खनीत म्हणाले, ‘‘माष्टरसाब, पढाना कायकू रोकते? हमारी किताबों में पढानेवाले को माफी है.’’ सर हसले, पण त्यांची सवय मोडली नाही. मौलवीसाहेबांनी कोणत्या पुस्तकाचा हवाला दिला, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. त्या शोधात जे वाचले, जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. अजान सुरू असताना मुसलमान माणसाने घरात, रस्त्यात, दुकानात, वर्गात कसे वागावे असे त्याचे धर्मशास्त्र सांगते, हा आजचा विषय.

बांग कोणासाठी?

मराठीत आपण ‘बांग’ म्हणतो. शब्द फारसी आहे. त्याचा अर्थ आवाज, पुकारा. म्हणूनच आपल्याकडे कोंबडाही बांग देतो. ‘अजान’ हा अरबी शब्द; त्याचा अर्थ जाहीर करणे, कानावर घालणे. बांग देणाऱ्याला ‘मुअज्जिन’ म्हणतात.

अजान म्हणजेच नमाज, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. अजान ही नमाजाची वेळ झाल्याची सूचना आहे. कबीराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध दोह्यात, मुल्ला एवढ्या मोठ्याने ओरडतो, देव काय बहिरा आहे, असे विचारले आहे. कबीराचा रोख कर्मकांडावर आहे आणि तो त्याच्या जागी योग्यच आहे. परंतु शास्त्राचे उत्तर असे की, ही हाक देवाला नाहीच, ती माणसाला आहे. तिची वाक्ये पाहा. आरंभी ‘अल्ला सर्वांहून थोर आहे’ ही घोषणा चार वेळा. मग ‘अल्लाखेरीज उपास्य नाही’ आणि ‘मुहंमद हे अल्लाचे प्रेषित आहेत’ या दोन साक्षी प्रत्येकी दोनदा. त्यानंतर ‘या, नमाजाकडे या’ आणि ‘या, कल्याणाकडे या’ ही दोन आमंत्रणे, तीही दोनदा. शेवटी पुन्हा थोरवीची घोषणा दोनदा आणि एकत्वाची एकदा. पहाटेच्या अजानीत ‘झोपेपेक्षा नमाज बरी’ असे एक वाक्य अधिक असते. मधली आमंत्रणे सरळ ऐकणाऱ्याला उद्देशून आहेत. आणि हाक माणसाला असली म्हणजे माणसाने उत्तर दिले पाहिजे. अजानच्या वेळचे सारे शिष्टाचार या एका गोष्टीतून निघतात.

मदिनेतील आरंभ

इसवी सन 622 मध्ये प्रेषित मुहंमद मक्केहून मदिनेस आले. हिजरतीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच लोकांना नमाजासाठी एकत्र कसे बोलवावे, हा प्रश्न उभा राहिला. कोणी शिंग फुंकावे म्हणाले, कोणी ख्रिस्ती लोकांप्रमाणे लाकडावर टोला देऊन नाद करावा म्हणाले, कोणी विस्तव पेटवावा म्हणाले. परंपरा सांगते की, अब्दुल्ला इब्न जैद नावाच्या अनुयायाला स्वप्नात अजानीचे शब्द ऐकू आले. प्रेषितांनी ते मान्य केले आणि त्याला सांगितले की, हे शब्द बिलालला शिकव, त्याचा आवाज तुझ्याहून चांगला आहे.

हे बिलाल हबशी वंशाचे आणि पूर्वी गुलाम होते. मक्केत त्यांनी नव्या धर्मासाठी धन्याचा छळ सोसला होता. त्याच बिलालांनी 630 मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाच्या छपरावरून अजान दिली. वाद्याऐवजी माणसाचा कंठ निवडला गेला आणि तो कंठ एका मुक्त झालेल्या गुलामाचा होता, ही गोष्ट मुस्लिम समाजाने कधी विसरू दिलेली नाही.

मुअज्जिनासाठीही काही रीती आहेत. त्याने शक्यतो वजू करून, काबेकडे तोंड करून उभे राहावे, बोटे कानांत घालावी, ‘नमाजाकडे या’ म्हणताना मान उजवीकडे व ‘कल्याणाकडे या’ म्हणताना डावीकडे वळवावी. शब्द सावकाश, एकेक वाक्य सुटे करून उच्चारावे. मध्ये सोडलेला तो अवकाश ऐकणाऱ्याला उपयोगी पडतो. का, ते आता पाहू.

तोंडाचे उत्तर आणि पायांचे उत्तर

अजान ऐकणाऱ्याने काय करावे? हदीसग्रंथांत याचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. मुअज्जिन एक वाक्य उच्चारून थांबला की ऐकणाऱ्याने तेच वाक्य हळू आवाजात स्वतःशी म्हणावे. अपवाद दोन आमंत्रणांचा. ‘या’ असे बोलावणाऱ्याला ‘या’ असेच उत्तर देणे विसंगत होईल. तेथे ऐकणारा म्हणतो, ‘अल्लाच्या साहाय्यावाचून ना सामर्थ्य, ना शक्ती.’ म्हणजे, तू बोलावतोस खरे, पण येण्याचे बळही त्यानेच द्यायचे. पहाटेच्या जादा वाक्याला ‘तू खरे बोललास’ अशा अर्थाचे उत्तर देण्याची रीत हनफी पंथात आहे. अजान संपल्यावर प्रेषितांसाठी दरूद म्हणावा, मग एक ठराविक दुआ मागावी. अजान आणि प्रत्यक्ष नमाज यांच्या दरम्यान मागितलेली दुआ व्यर्थ जात नाही, अशी श्रद्धा आहे.

हे उत्तर बंधनकारक की केवळ स्पृहणीय, यावर शास्त्रकारांत मतभेद आहे. बहुसंख्यांच्या मते ते स्पृहणीय आहे. हनफी परंपरेत काहींनी ते आवश्यक मानले. बुखाऱ्याकडील अकराव्या शतकातील हनफी पंडित हुलवानी यांचे मत मात्र विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते म्हणतात, खरे बंधनकारक उत्तर पायांचे आहे, म्हणजे उठून नमाजाला जाणे. जिभेचे उत्तर ही त्यावरची शोभा. ‘बोले तैसा चाले’ म्हणणाऱ्या आपल्या मराठी मनाला हा भेद पटकन उमगावा.

हातातले काम

सामान्य नियम असा की, अजान चालू असताना गप्पा थांबवाव्या, नवा विषय काढू नये, उत्तराखेरीज अन्य कशात गुंतू नये. औरंगजेबाच्या काळी संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’त तर असे सांगितले आहे की, कुराणाचे वाचन चालू असले तरी ते थांबवून अजानीला उत्तर द्यावे. कुराण नंतरही वाचता येते, अजानीचे उत्तर त्या क्षणीच द्यायचे असते, असा त्यामागचा विचार. रस्त्याने चालणाऱ्याने क्षणभर थांबावे, असेही काही ग्रंथकार सुचवितात.

पण माणूस नेहमी मोकळा नसतो, आणि शास्त्रकारांना हे पुरते ठाऊक होते. सतराव्या शतकात दमास्कसचे हनफी पंडित हसकफी यांनी ‘दुर्र-उल-मुख्तार’ हा ग्रंथ लिहिला. भारतातील मदरशांतही तो प्रमाण मानला जातो. त्यात अजानीला जिभेने उत्तर देण्यापासून कोणाकोणाला मोकळीक आहे, याची एक यादीच आहे. जो स्वतः नमाजात आहे, त्याने मध्येच उत्तर देऊ नये, हे तर उघडच. जो शुक्रवारचे प्रवचन ऐकतो आहे, जो मृताच्या अंत्य नमाजात उभा आहे, जो शौचास बसला आहे, पतिपत्नी एकांतात असताना, जो जेवत आहे, आणि जो विद्या शिकवीत किंवा शिकत आहे, या सर्वांना मोकळीक आहे. ऋतुमती आणि बाळंतीण स्त्रियांनाही त्यात वगळले आहे. शाफिई पंथाचे मत मात्र असे की, त्यांनीही उत्तर द्यावे.

मौलवीसाहेबांची ‘किताब’ ती हीच, असे मला वाटते. श्रोतेहो, ही यादी नीट पाहा. देवाचे नाव घेण्यास अयोग्य अशा जागा तीत आहेत, तशीच ज्या कामातून उठवल्यास माणसाची किंवा कामाची हानी होईल अशी कामेही आहेत. शौचालयातून बाहेर आल्यावर फार वेळ गेला नसेल तर तेव्हा उत्तर द्यावे, अशीही सोय सांगितली आहे. कोणालाही अडचणीत गाठावे, हा हेतू नाही.

जेवणाविषयी तर हदीसग्रंथ अधिकच मोकळे आहेत. ताट वाढले गेले आणि तिकडे नमाज उभी राहिली, तर आधी जेवण करावे, घाई करू नये, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. खलिफा उमर यांचे पुत्र अब्दुल्ला हे इमामाचे पठण कानावर येत असतानाही जेवण पुरे करूनच उठत, असे बुखारीत नमूद आहे. भुकेलेला माणूस नमाजात उभा राहिला तरी त्याचे चित्त ताटाकडेच असणार, हे व्यवहारज्ञान त्यात आहे. आणखी एका कथनात बिलालांना सूचना आहे की, अजान आणि नमाज यांत एवढे अंतर ठेव की जेवणाऱ्याचे जेवण, पिणाऱ्याचे पिणे आणि निकड असलेल्याची निकड उरकेल. हदीसचे अभ्यासक या कथनाची परंपरा दुबळी ठरवितात, परंतु त्यातील तत्त्व शास्त्रकारांनी स्वीकारले. म्हणूनच मशिदींत अजान आणि नमाज यांच्या मध्ये काही मिनिटे सोडलेली असतात. फक्त सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ आखूड, म्हणून तेथे हे अंतर अगदी थोडे.

पावसाचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. मुसळधार पावसाच्या दिवशी प्रेषितांचे चुलतबंधू इब्न अब्बास यांनी मुअज्जिनाला सांगितले की, ‘नमाजाकडे या’ असे न म्हणता ‘आपापल्या घरी नमाज पढा’ असे म्हण. लोकांना नवल वाटले, तेव्हा त्यांनी, माझ्याहून श्रेष्ठ असलेल्याने, म्हणजे प्रेषितांनीच, असे केले होते, असा खुलासा केला. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीत कुवेतमधील मशिदींतून हाच बदललेला पुकारा ऐकू आला, तेव्हा अनेकांना ते नवीन वाटले. वास्तविक तो जुन्या सवलतीचा आधार होता. चिखलातून लोकांना ओढून आणण्यापेक्षा बोलावण्याचे शब्दच बदलले गेले.

बाजारात आणि रोज्यात

बाजाराविषयी कुराणातच स्पष्ट आज्ञा आहे. बासष्टाव्या अध्यायात सांगितले आहे की, शुक्रवारच्या नमाजाची हाक आली म्हणजे खरेदी-विक्री सोडून अल्लाच्या स्मरणाकडे त्वरा करावी. पुढच्याच आयतीत असेही आहे की, नमाज झाली की पांगावे आणि आपला चरितार्थ शोधावा. ही सक्ती शुक्रवारच्या दुपारची आणि ज्यांच्यावर ती नमाज बंधनकारक आहे त्यांच्यासाठी. इतर वेळी दुकानदाराने चालू सौदा पुरा करून उठण्यास हरकत नाही. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळी मदिनेची वस्ती वाढली, तेव्हा बाजारातील लोकांना वेळीच कळावे म्हणून त्यांनी शुक्रवारी आणखी एक अजान सुरू केली.

रमजानमध्ये अजानीला वेगळेच महत्त्व येते. सूर्यास्ताच्या अजानीबरोबर रोजा सोडावयाचा असतो, आणि तो विलंब न लावता सोडावा असा संकेत आहे. त्या वेळी हातात खजूर घेऊन बसलेल्या माणसाला काही विचारू नये, हे वेगळे सांगावयास नको. पहाटेचे खाणे कधी थांबवावे, यासंबंधी मदिनेतील एक हृद्य तपशील आहे. तेथे दोन मुअज्जिन होते. बिलाल रात्र असतानाच अजान देत, ती झोपलेल्यांना जागे करण्यासाठी. दुसरे इब्न उम्म मक्तूम. ते अंध होते. ‘उजाडले, उजाडले’ असे कोणी सांगितल्याशिवाय ते अजान देत नसत. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, बिलालची अजान ऐकून खाणे थांबवू नका, इब्न उम्म मक्तूमची ऐकून थांबवा.

शास्त्र, रूढी आणि समजुती

आपल्या शेजारपाजारी आपण जे पाहतो, ते सारेच शास्त्रातून आलेले नसते. अजान ऐकताच स्त्रिया पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात. ही भारतीय उपखंडातील आदराची रूढी आहे, शास्त्राची सक्ती नव्हे. प्रेषितांचे नाव येताच अंगठ्यांचे चुंबन घेऊन ते डोळ्यांना लावण्याची रीत काही परंपरांत आहे. दुसऱ्या काही परंपरांना ती मान्य नाही. अजान चालू असता बोलणाऱ्याला मरतेसमयी कलमा आठवत नाही, असा धाक मुलांना घातला जातो; जाणते उलेमा त्याला आधार नसल्याचे सांगतात. गरजेचे बोलणे, वडीलधाऱ्यांना दिलेले उत्तर, आजाऱ्याची चौकशी, आलेला महत्त्वाचा फोन, यांना कोणी पाप म्हणत नाही.

अनेक मशिदींच्या अजानी एकामागून एक ऐकू येतात, तेव्हा काय करावे? हनफी मताप्रमाणे पहिलीला उत्तर दिले की पुरे. सर्वांना दिल्यास अधिक चांगले. त्या एकाच वेळी होत नाहीत यालाही कारण आहे. वेळा सूर्यावरून ठरतात आणि प्रत्येक मशीद नमाजाच्या अवधीतील आपला क्षण निवडते. तिसऱ्या प्रहरीची असरची वेळ तर हनफी पंथात शाफिई पंथाहून उशिरा सुरू होते. हैदराबादेत बहुसंख्य हनफी असले तरी बारकसच्या अरब वस्तीत शाफिई परंपरा आहे. कोकणी मुसलमानही शाफिईच. शिया पंथीयांच्या अजानीत ‘सर्वोत्तम कर्माकडे या’ असे वाक्य असते आणि हजरत अलींचा उल्लेखही असतो. कान सरावला की हे भेद ओळखू येतात.

रेडिओवरची किंवा मोबाईलमध्ये ठेवलेली ध्वनिमुद्रित अजान ही अनेक उलेमांच्या मते केवळ आठवण; तिला उत्तर देण्याचा विधी लागू होत नाही, कारण तेथे हाक मारणारा प्रत्यक्ष माणूस नाही.

शेजाऱ्याने काय करावे?

आता आपला, म्हणजे बिगरमुस्लिम शेजाऱ्याचा, प्रश्न. शास्त्राचे उत्तर सरळ आहे. हे शिष्टाचार मुसलमान ऐकणाऱ्यासाठी आहेत. त्यांचा भार इतरांवर टाकलेला नाही. आपण बोलत राहिलो म्हणून शास्त्रदृष्ट्या कोणाचा अपराध होत नाही.

मग हे जाणून घ्यावयाचे कशाला? याचे उत्तर मला माझ्याच एका चुकीने दिले. नोकरीला लागल्यावर मी काही दिवस शाळेच्या ग्रंथालयाचे काम हौसेने पाहत असे. जीर्ण पुस्तके बांधणीला एका वृद्ध जिल्दसाजाकडे टाकली होती. संध्याकाळी मी घाईने त्यांच्या दुकानी गेलो आणि पुस्तके झाली का, असे विचारले. ते माझ्याकडे पाहत राहिले, ओठ हलत होते, पण उत्तर नाही. पुन्हा विचारले, तरी नाही. मला तो उर्मटपणा वाटला. मी तावातावाने पुस्तकांचा गठ्ठा उचलला, पैसे आपटले आणि निघालो. अर्धी पुस्तके पुठ्ठ्याविनाच होती. दुसऱ्या दिवशी ते म्हातारे गृहस्थ शाळेच्या दाराशी आले. राहिलेले पुठ्ठे त्यांनी बरोबर आणले होते. ‘‘कल अजान हो रही थी, साब, जवाब नै दे सका, माफ करो,’’ एवढेच ते म्हणाले. बाजारातून बांग ऐकू येत होती, हे मला तेव्हा आठवले. ती माझ्या कानावर पडली होती, पण मी ती ऐकली नव्हती. माफी मागावयाची होती ती मी.

शास्त्राप्रमाणे त्यांना ‘थांबा’ असे एका शब्दात सांगता आले असते, हे आज मला ठाऊक आहे. त्यांनी आपल्या बाजूने कडक नियम पाळला, आणि मला तो नियम आहे हेच माहीत नव्हते. दोन मिनिटांच्या अज्ञानाने एवढे होते, तर मोठ्या जमावाच्या अज्ञानाने काय होईल? 1920 च्या दशकात ‘मशिदीपुढील वाद्ये’ हा वाद देशातील अनेक शहरांत दंग्यांपर्यंत गेला, हा इतिहास आहे. त्या दंग्यांमागे राजकारण होते, हितसंबंध होते. पण एकमेकांच्या रीतींविषयीचे अज्ञान त्या आगीला सरपण म्हणून उपयोगी पडले.

ध्वनिक्षेपकाचा प्रश्न आज वारंवार निघतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. बिलालांच्या अजानीत यंत्र नव्हते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध घातले आहेत, आणि शाळा, रुग्णालये व न्यायालये यांभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद केली आहे. मे 2020 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, अजान हा इस्लामचा अंगभूत भाग आहे, ध्वनिक्षेपक नव्हे, असा भेद केला. नियम सर्व धर्मांच्या सर्व उत्सवांना सारखेच लागू आहेत, आणि ते सारखेपणाने लावले जावेत, एवढीच अपेक्षा आपण नागरिक म्हणून करावी. आजचा आपला विषय आवाजाच्या मोठेपणाचा नाही, ऐकण्याचा आहे.

शेजाऱ्याने करावयाच्या गोष्टी फार थोड्या आहेत. बोलता बोलता समोरचा गप्प झाला तर दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. त्याने उत्तर दिले नाही म्हणून राग धरू नये. शुक्रवारी दुपारी आणि रमजानात सूर्यास्ताला सभा ठेवू नये. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

समारोप

शेवटी पुन्हा त्या वर्गात जाऊ. ‘दुर्र-उल-मुख्तार’मध्ये विद्या शिकविणाऱ्याला मोकळीक आहे, हे मी सांगितले. परंतु पुढील भाष्यकारांनी तेथे विद्या म्हणजे धर्मविद्या असा अर्थ घेतला आहे, आणि ही मोकळीक आहे ती मुसलमान शिक्षकाला. सरांचा प्रश्न त्या ग्रंथापुढे कधी आलाच नव्हता. ते संस्कृत शिकवीत होते आणि अजानीला उत्तर देणे त्यांच्यावर कधीच बंधनकारक नव्हते. म्हणजे सर थांबत होते ते कोणत्याही शास्त्राने न सांगितलेले. आणि मौलवीसाहेब ‘थांबू नका’ म्हणाले, तेव्हा त्यांनीही आपल्या ग्रंथातील सवलत एका संस्कृत सुभाषितापर्यंत ताणली, तीही ग्रंथाने न सांगितलेली. दोघांनीही आपापल्या बाजूने नियमापेक्षा थोडे अधिक दिले. त्या खिडकीपाशी त्या दिवशी काय घडले, ते आम्हा मुलांना कळले नव्हते. आता कळते.

सरांच्या वर्गात शिकलेले आपण अनेकजण आज येथे आहोत. हे सभागृह मशिदीपासून दूर नाही आणि सूर्यास्त होण्यास आता फार अवकाश नाही. बांग झाली तर अध्यक्षांच्या भाषणात काही क्षणांचा खंड पडेल. अध्यक्षमहाराजांना त्याची कल्पना आधीच दिलेली आहे आणि त्यांनी ती हसून मान्य केली आहे. सरांच्या स्मृतीला यापेक्षा योग्य अभिवादन मला सुचत नाही.